न दिसणारे काम

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा मुख्याध्यापकांचा निरोप आला तेव्हा प्रथम संकोच वाटला. आपल्या शाळेतून शिकून गेलेल्यांपैकी कुणी प्राध्यापक झाले, कुणी डॉक्टर झाले, कुणी शासकीय सेवेत मोठ्या पदावर पोहोचले. त्यांच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते. मी मुंबईच्या उपनगरांत इमारतींच्या वीजजोडणीची कामे घेणारा एक परवानाधारक कंत्राटदार. माझे काम पूर्ण झाले की त्याखाली फॉल्स सीलिंग बसते आणि ते कायमचे दृष्टीआड होते. मुख्याध्यापकांना मी तसे म्हटलेही. त्यावर ते म्हणाले, "आपल्या नव्या वसतिगृहाची वायरिंग तुम्ही केलीत ना? मग त्याविषयीच लिहा. आत काय आहे ते मुलांना कळू द्या."

म्हणून केबल ट्रेविषयी लिहितो आहे. कोणत्या ठिकाणी कोणता ट्रे वापरावा हा माझ्या धंद्यातला नित्याचा प्रश्न आहे. या निवडीत मी एकदा चुकलो. ती चूक अजाणतेपणी झाली नव्हती. तिची कबुली देण्यासाठी या वास्तूइतकी योग्य जागा मला दुसरी सुचत नाही.

मी वसतिगृहात दाखल झालो तेव्हा पाचवीत होतो. जुन्या इमारतीतील वायरिंग लाकडी पट्ट्यांवर होती. पट्टीला पत्र्याच्या क्लिपा ठोकलेल्या आणि त्यांत वायर आवळलेली. अभ्यासिकेत तीन दिवे होते आणि पावसाळ्यात त्यांतील एक हमखास बंद पडे. भिंतीला ओल आली की पट्ट्या फुगत आणि क्लिपांचे खिळे गंजून सुटत. आमचे गृहपाल स्वतः स्टुलावर चढून मेन स्विच बंद करीत, वायर तपासत आणि मला खाली टॉर्च धरून उभे करीत. ते वीजतंत्री नव्हते, मराठीचे शिक्षक होते. परंतु सुटलेली क्लिप पुन्हा ठोकताना ती सरळ रेषेत आहे की नाही, हे ते खाली उतरून, दोन पावले मागे जाऊन पाहत. एकदा मी विचारले, "सर, कपाटाच्या मागची क्लिप कोण पाहणार?" ते म्हणाले, "तू पाहिलीस ना आत्ता." एवढेच बोलून ते पुन्हा स्टुलावर चढले.

दहावीनंतर जालन्यात आयटीआयमधून वायरमनचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि २००० साली मुंबई गाठली. घाटकोपर पूर्वेला रमाबाई आंबेडकर नगरात मामांची खोली होती. तेथे पोटमाळ्यावर माझी पथारी असे. सकाळी अंधेरी पूर्वेच्या साइटवर हेल्पर म्हणून जायचे आणि रात्री परतायचे. मेट्रो तेव्हा नव्हती. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मार्ग सुरू झाला तो जून २०१४ मध्ये. त्यापूर्वी साकीनाक्याच्या वाहतुकीत बसमध्ये उभे राहून माझी अनेक वर्षे गेली.

गावाकडे घराच्या वायरिंगसाठी पाइप पुरेसा असतो. मोठ्या इमारतीत मनगटाएवढ्या जाडीच्या केबल असतात आणि त्या डझनांनी असतात. त्या भिंतीत गाडता येत नाहीत. त्यांना हवा लागते, कारण वीज वाहताना केबल तापते आणि उष्णता बाहेर पडायला जागा मिळाली नाही तर तिची वहनक्षमता घटते, वेष्टन लवकर जुने होते. शिवाय पुढे दुरुस्तीसाठी हात पोहोचला पाहिजे. म्हणून छताखालून पत्र्याचे लांब तबक टांगतात आणि त्यावर केबल ओळीने निजवतात. हाच केबल ट्रे. साइटवर अडीच मीटरचे तुकडे येतात. ते कपलर प्लेट आणि नटबोल्टने एकमेकांना जोडून थ्रेडेड रॉडच्या किंवा अँगलच्या आधारावर साधारण दर दीड मीटरला टेकवत नेतात.

त्याचे प्रकार पहिल्या दोन वर्षांत फोरमनच्या शिव्या खात शिकलो. लॅडर ट्रे म्हणजे शब्दशः शिडी. दोन बाजूंना उभे पट्टे आणि मध्ये पायऱ्या. जड केबल असतील, आधारांमधले अंतर अधिक असेल किंवा केबल उभ्या चढवायच्या असतील, तर शिडीच हवी. पायरीला केबल आवळून बांधता येते आणि तिचे वजन जागोजागी वाटले जाते. परफोरेटेड ट्रेचा तळ छिद्रांचा असतो. मध्यम आणि बारीक केबलना तो सलग आधार देतो आणि छिद्रांतून हवाही खेळते. बंद तळाचा, झाकणाचा ट्रे केबलला धुळीपासून व उंदरांपासून वाचवतो, पण उष्णता कोंडतो. म्हणून त्यात जड वीजवाहक केबल टाकताना हिशेब करावा लागतो. चौथा प्रकार तारांच्या जाळीचा. संगणकाच्या आणि टेलिफोनच्या हलक्या केबलसाठी तो सोयीचा आणि जागेवर कापून हवा तसा वळवता येतो. सीप्झ आणि अंधेरी एमआयडीसीच्या कार्यालयांत तो मी पुष्कळ बसवला.

जागा बदलली की उत्तर बदलते. मुलुंडला लालबहादूर शास्त्री मार्गावर कारखान्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. तेथे खरा प्रश्न उभ्या शाफ्टचा असतो. शाफ्टमध्ये शिडी लावली तरी काम संपत नाही. प्रत्येक मजल्यावर स्लॅबला पडलेले भोक आग रोखणाऱ्या द्रव्याने बुजवावे लागते. राष्ट्रीय इमारत संहितेची तशी अपेक्षा आहे. ते बुजवले नाही तर शाफ्टचे धुराडे होते आणि खालच्या मजल्यावरचा धूर क्षणात वरच्या मजल्यावर पोहोचतो. बोरिवलीत राष्ट्रीय उद्यानाच्या अंगाला काम करताना उंदीर-घुशींनी मला झाकणाचे महत्त्व शिकवले. एका मीटर रूममध्ये नव्या केबलचे वेष्टन पंधरा दिवसांत कुरतडलेले पाहिले आणि तळमजल्यापुरता ट्रे झाकणाचा घेतला.

पाण्याचा धडा २६ जुलै २००५ ने दिला. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मी मरोळच्या एका साइटवर होतो. संध्याकाळी मिठीचे पाणी रस्त्यावर आले आणि तळमजल्यावरच्या पॅनेल रूममध्ये कमरेपर्यंत चढले. पुरवठा आधीच बंद केलेला होता, म्हणून जिवावरचे टळले. रात्रभर पहिल्या मजल्यावर बसून काढली आणि दुसऱ्या दिवशी साकीनाका, असल्फा करत चालत घाटकोपर गाठले. आठवड्याने पॅनेल रूम उघडली तेव्हा जमिनीतील चरातून नेलेल्या केबल चिखलात रुतलेल्या होत्या. छताखालून ट्रेवरून नेलेल्या केबल मात्र कोरड्या होत्या. चर खणणे तेव्हा स्वस्त पडले होते.

या सगळ्या अनुभवानंतर माझ्याकडून जे घडले ते अज्ञानाने घडले, असे म्हणायची सोय मला उरत नाही.

२००७ साली एका कंत्राटदाराकडे मी सुपरवायझर होतो. अंधेरीतच एका व्यापारी इमारतीचे काम होते. गच्चीवर पंपांकडे आणि वातानुकूलन यंत्रांकडे जाणारे ट्रे उघड्यावर राहणार होते. निविदेत त्यांसाठी हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड ट्रे लिहिला होता. म्हणजे ट्रे कापून, छिद्रे पाडून पूर्ण तयार केल्यावर वितळलेल्या जस्तात बुडवलेला. त्यामुळे छिद्रांच्या कडांवरही जस्त चढते आणि थर साठ मायक्रॉनच्या वर सहज जातो. दुसरा प्रकार प्री-गॅल्व्हनाइज्ड. त्यात जस्त चढवलेला पत्रा आणून मग तो कापतात. थर वीसेक मायक्रॉनचा असतो आणि कापलेल्या कडा उघड्या राहतात. इमारतीच्या आत, कोरड्या जागेत हा ट्रे उत्तम चालतो. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस अंगावर घेणाऱ्या गच्चीवर तो टिकत नाही. गंज प्रथम छिद्रांच्या आणि जोडांच्या कडांवर धरतो.

दोन्ही नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात. हॉट डिपचा ट्रे राखाडी, मंद, काहीसा खडबडीत असतो आणि छिद्रांच्या कडेला जस्ताचे ओघळ दिसतात. प्री-गॅल्व्हनाइज्ड ट्रे गुळगुळीत आणि चकचकीत असतो. नवशिक्याला तोच उंची माल वाटतो.

टेम्पो आला तेव्हा पाऊस कोसळत होता. ताडपत्री उचलताच सर्व ट्रे चकचकीत दिसले. जस्ताची जाडी मोजणारे यंत्र साइटच्या कपाटात होते. ते मी बाहेर काढले नाही. मालकांचा फोन आधीच आला होता, "माल उतरवून घे, चलनावर सही कर, बिल याच महिन्यात लागले पाहिजे." चलनावर हॉट डिप असे लिहिलेले होते. मी सही केली. त्याच हाताने पुढे मापवहीतही तीच नोंद केली. ट्रेबरोबर सलग धावणारी अर्थिंगची पट्टीही त्या कामात गाळली गेली. ट्रे स्वतःच धातूचा आहे, जोडाजोडांतून अर्थिंग पोहोचेल, असे सांगण्यात आले. मी मान डोलावली. धाकटी बहीण तेव्हा नर्सिंगला होती आणि तिची फी माझ्या पगारातून जात असे. हे कारण मी बरीच वर्षे स्वतःला सांगत आलो. आज ते येथे केवळ नोंदवतो, समर्थन म्हणून नव्हे.

तीन पावसाळे गेले. २०१० च्या ऑगस्टमध्ये त्या इमारतीच्या पंपचालकाला गच्चीवर विजेचा झटका बसला. मी पाहायला गेलो. जोडांवरच्या कपलर प्लेट गंजून पोकळ झाल्या होत्या. एका ठिकाणी ट्रे खचला होता आणि त्याच्या धारदार कडेवर घासून पंपाच्या केबलचे वेष्टन कापले गेले होते. प्रवाह ट्रेमध्ये उतरला. गंजलेल्या जोडांतून तो जमिनीत जाऊ शकला नाही. अर्थिंगची पट्टी तर नव्हतीच आणि गळती ओळखून पुरवठा तोडणारा ब्रेकरही त्या जोडणीवर नव्हता. ओल्या स्लॅबवर अनवाणी उभ्या असलेल्या त्या माणसाने आधारासाठी ट्रेला हात लावला. तो दूर फेकला गेला, म्हणून वाचला. उजव्या हाताची दोन बोटे कायमची आखडली. विदर्भातून आलेला, माझ्याच वयाचा माणूस. रुग्णालयात त्याने मला ओळखले नाही. ओळखण्याचे कारणही नव्हते.

माझे नाव कुणीही घेतले नाही. केबल जुनी झाली, पाऊस फार पडला, असा निष्कर्ष निघाला आणि प्रकरण मिटले.

त्या आठवड्यात मी शाळेत आलो. गृहपाल सर निवृत्त होऊन गावातच राहत होते. त्यांच्या ओसरीवर बसून सगळे सांगितले. सर रागावतील अशी माझी अपेक्षा होती, किंबहुना इच्छाच होती. त्यांनी फक्त विचारले, "तू रोज संध्याकाळी वंदनेत दुसरे शील म्हणत होतास. त्याचा अर्थ काय शिकलास?" मी म्हणालो, "चोरी करणार नाही." ते म्हणाले, "न दिलेले घेणार नाही. दोन्हींत फरक आहे. त्या इमारतीने जाड थराचे पैसे दिले आणि तुम्ही पातळ थर दिला. मधला जो थर होता, तो न दिलेला घेतला. मालकाने पैसा घेतला, तू नोकरी राखलीस. आता परत काय देता येते ते पाहा."

मुंबईला परतल्यावर इमारतीच्या व्यवस्थापनाला मी लेखी कळवले. चलन कसले होते, माल कोणता लागला आणि पट्टी कुठे गाळली, हे सारे माझ्या सहीनिशी लिहिले. महिनाभरात नोकरी गेली. त्यांनी मात्र गच्चीवरचा संपूर्ण ट्रे बदलून घेतला. मी मजुरी न घेता त्या कामावर उभा राहिलो. पंपचालकाला भरपाई मिळावी म्हणून साक्षही दिली. त्याची बोटे सरळ झाली नाहीत. तेव्हा प्रायश्चित्त पूर्ण झाले, असे मी म्हणू शकत नाही. पुढे परवाना काढून स्वतःची छोटी कामे घेऊ लागलो. माझ्या साइटवर जस्त मोजायचे यंत्र आता कपाटात नसते, माल उतरवणाऱ्याच्या खिशात असते.

आपल्या शाळेत बाबासाहेबांची जयंती आपण घटनाकार म्हणून साजरी करतो. विजेच्या धंद्यातील मला त्यांचे आणखी एक रूप जवळचे वाटते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्या खात्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी युद्धोत्तर वीजविकासाच्या धोरण समितीपुढे त्यांनी भाषण केले. वीज स्वस्त आणि विपुल मिळाल्याविना देशाचे औद्योगिकीकरण होणार नाही आणि त्याविना दारिद्र्य हटणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले, तेही त्यांच्याच कार्यकाळात. ज्यांनी वीज गरिबाच्या दारापर्यंत यावी असे चिंतिले, त्यांच्या लेकरांनी ती शेवटच्या दहा मीटरमध्ये अप्रामाणिकपणे नेली, तर त्या चिंतनाचे काय राहिले? हा प्रश्न मी प्रथम स्वतःला विचारतो.

आता नव्या वसतिगृहाविषयी. तळमजला आणि वर दोन मजले अशी ही इमारत दानातून उभी राहिली आहे. देणगीदारांच्या यादीत माजी विद्यार्थी आहेत, तशा घरकाम करणाऱ्या उपासिकाही आहेत. समितीतील काहींचे म्हणणे होते की सर्वत्र सर्वांत भारी माल लावा, पुन्हा पाहायला नको. काहींचे म्हणणे होते की मुलांच्या वसतिगृहाला ट्रे कशाला, पाइप टाका आणि पैसे वाचवा. दोन्ही बाजू शाळेच्या प्रेमापोटीच बोलत होत्या. मी आराखडा पुढे ठेवला आणि जागेनुसार निवड सांगितली.

खोल्यांमध्ये ट्रे नाही. तेथे भिंतीतला पाइपच योग्य. मुलांचा हात पोहोचेल अशी कोणतीही वस्तू उघडी नको. मजल्यांच्या मार्गिकांत छताखालून परफोरेटेड ट्रे, आणि तो साधा, प्री-गॅल्व्हनाइज्ड. जागा कोरडी आहे, तेथे जाड जस्ताचा पैसा वाया जाईल. तळापासून गच्चीपर्यंतच्या शाफ्टमध्ये शिडी आणि प्रत्येक मजल्यावर भोक बुजवलेले. गच्चीवरील पंप, सौर पाणीतापक यांकडे जाणारा ट्रे हॉट डिपचा, झाकणासह. स्वयंपाकघरात वाफ, धूर आणि तेल असते, म्हणून तेथून ट्रे नेलाच नाही, मार्ग बाहेरून वळवला. सर्व ट्रेवरून अर्थिंगची पट्टी सलग आणि प्रत्येक पाण्याच्या जोडणीला गळतीवर तुटणारा ब्रेकर. संगणक कक्षाच्या केबल वीजवाहक केबलपासून वेगळ्या. प्रत्येक ट्रेची चौथा हिस्सा जागा मोकळी सोडली आहे, कारण वसतिगृह वाढेल आणि पुढचा वायरमन आपल्यापैकीच कुणी असेल.

खर्चाचा हिशेब मांडला तेव्हा तो दोन्ही बाजूंच्या अंदाजांच्या मधोमध आला. समितीतील भन्तेजी हसून म्हणाले, "मज्झिमा पटिपदा पत्र्यातही असते तर!" मला ते पटले. योग्य निवड म्हणजे सर्वांत महाग निवड नव्हे. कोणत्या जागेवर कोणते संकट येणार आहे ते ओळखावे, तेवढे बळ तेथे द्यावे आणि जेथे गरज नाही तेथे दात्याचा पैसा उधळू नये.

गच्चीवरचा माल आला त्या दिवशी नववी-दहावीच्या मुलांना बोलावले. यंत्र प्रत्येकाच्या हातात दिले आणि राखाडी ट्रेवर टेकवायला लावले. आकडा साठच्या वर आला की मुले तो मोठ्याने वाचत. मग मार्गिकेसाठी आणलेल्या चकचकीत ट्रेवर यंत्र ठेवले, तेव्हा आकडा एकोणीस आला. एका मुलाने विचारले, "काका, हा तर जास्त चांगला दिसतोय, मग कमी कसा?" त्याला उत्तर देताना मला २००७ मधला पावसात उभा असलेला टेम्पो दिसत होता. मी त्याला ती हकिकत सांगितली. चलनावर त्या दिवशी सही मी केली, पण आकडे त्या मुलांच्या हस्ताक्षरात आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी सगळे साहेब होणार नाहीत. कुणी गवंडी होईल, कुणी नळ जोडील, कुणी वायर ओढील. तुमचे बरेचसे काम भिंतीत, जमिनीत, छताआड झाकले जाईल आणि त्यावर तुमचे नाव नसेल. झाकण्यापूर्वी ते एकदा दोन पावले मागे जाऊन पाहा. आमचे गृहपाल सर आता हयात नाहीत. नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, मार्गिकेच्या टोकाला, फॉल्स सीलिंगच्या वर एक कपलर प्लेट मी स्वतःच्या हाताने बसवली आहे. ती सरळ रेषेत आहे.

नमो बुद्धाय. जय भीम.

— एक माजी विद्यार्थी, घाटकोपर, मुंबई